आवाज एकीचा, अंग दुसरीचं : 'सोनेरी कोंबडा' ऑपेरातल्या नर्तकीचा पोशाख

मे १९१४. पॅरिसच्या पाले गार्निये या ऑपेरागृहात शेमाखाची राणी गात होती आणि शेमाखाची राणीच नाचत होती. फक्त त्या दोन वेगळ्या बायका होत्या. गाणारी ऑरेलिया दोब्रोवोल्स्काया रंगमंचाच्या कडेला, चढत्या पायऱ्यांवर बाकीच्या गायकांच्या गर्दीत बसली होती. नाचणारी तमारा कार्साविना मधोमध होती आणि तिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं. आपण हिंदी-मराठी सिनेमाच्या पार्श्वगायनावर वाढलेली माणसं, त्यामुळे आपल्याला यात फारसं नवल वाटणार नाही. पण सिनेमात गाणारी दिसत नाही. इथे दोघीही एकाच वेळी डोळ्यांसमोर, आणि तिकीट काढून आलेल्या माणसाने ठरवायचं की राणी कोणती.

हे ठरवायला त्याला मदत केली ती कपड्यांनी. ते कपडे आधी कागदावर रंगवले होते नतालिया गोंचारोवाने. तिचे हे कागद आज संग्रहालयांत फ्रेम करून, चित्रं म्हणून लावले जातात आणि चित्रं म्हणून ते देखणे आहेतच. तरी मला ते नेहमी उत्तरपत्रिकेसारखे वाटतात. प्रश्न माहीत नसेल तर उत्तर नुसतं रंगीबेरंगी दिसतं. म्हणून आधी प्रश्न.

म्हातारा संगीतकार आणि त्याची ताकीद

'सोनेरी कोंबडा' हा निकोलाई रिम्स्की-कोर्साकोव्हचा शेवटचा ऑपेरा. मूळ गोष्ट पुश्किनची, १८३४ ची, पद्यात लिहिलेली. तीवरून संहिता रचली व्लादिमिर बेल्स्कीने. गोष्टीतला राजा दोदोन आळशी आणि झोपाळू. एक ज्योतिषी त्याला सोन्याचा कोंबडा देतो. शत्रू ज्या दिशेने येईल तिकडे तोंड करून हा कोंबडा आरवणार, म्हणजे राजाने खुशाल झोपावं. पुढे राजाचे दोन मुलगे एकमेकांना मारतात. राजा मात्र मुलांच्या प्रेतांपलीकडे तंबूतून बाहेर आलेल्या शेमाखाच्या राणीवर भाळतो. ती त्याला आपल्यासमोर नाचायला लावते, त्याचं पुरतं हसं करते आणि त्याच्याबरोबर राजधानीत येते. ज्योतिषी मोबदला म्हणून राणीच मागतो. राजा त्याला राजदंड हाणून ठार करतो. मग कोंबडा उडतो आणि राजाच्या डोक्यात चोच मारतो.

१९०४-०५ च्या जपानी युद्धात मार खाल्लेल्या रशियात, झोपाळू राजा आणि मूर्ख सेनापती यांची ही गोष्ट नुसती परीकथा म्हणून कोण ऐकणार? १९०५ मध्ये विद्यार्थ्यांची बाजू घेतली म्हणून रिम्स्की-कोर्साकोव्हला कॉन्झर्व्हेटरीतून, म्हणजे तो शिकवत असलेल्या संगीत महाविद्यालयातून, काढलं होतं, हेही लोकांना ठाऊक होतं. सेन्सॉरने अडवलं. संगीतकार १९०८ मध्ये वारला आणि आपला ऑपेरा रंगमंचावर पाहणं त्याच्या नशिबी आलं नाही. पहिला प्रयोग १९०९ च्या शरदात मॉस्कोत, झिमिनच्या खासगी ऑपेरा मंडळीने केला.

स्वरलिपीच्या सुरुवातीला त्याने काही सूचना लिहून ठेवल्या होत्या. मास्तरांनी वर्गाबाहेर पडताना दम भरावा तशा त्या आहेत. काटछाट चालणार नाही. गायकांनी मधेच स्वतःचे उद्गार घुसडू नयेत. आणि एक सूचना आपल्या प्रकरणाच्या मुळाशी आहे : दुसऱ्या अंकात राजा आणि राणीचं नृत्य असं बसवावं, की एकदम झटक्याच्या किंवा फार जोरकस हालचालींनी गायकांचा श्वास मोडणार नाही.

म्हणजे पेच त्यानेच कबूल करून ठेवला होता. राणीला नाचायला हवं, नाहीतर राजा वेडा होणार कसा? पण ती नाचली तर गाणार कशी? राणीच्या गाण्यात वरच्या पट्टीतल्या बारीक हरकती भरलेल्या आहेत, त्या धापा टाकत येत नाहीत. मधला मार्ग म्हणून जेमतेम नाच करायचा. ऑपेराच्या मंचावरचा जेमतेम नाच कसा दिसतो हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

तोड

सर्गेई डियागिलेव्हच्या रशियन बॅले मंडळीला १९१४ मध्ये नव्या नृत्यरचनांची गरज होती. मंडळीचा नर्तक आणि नृत्यरचनाकार निजिन्स्की निघून गेला होता आणि जुना नृत्यरचनाकार मिखाईल फोकिन परत आला होता. 'सोनेरी कोंबडा' बसवायचं ठरलं आणि सूचनेतला पेच सरळ कापून टाकला गेला : गाणारे गातील, नाचणारे नाचतील. प्रत्येक पात्राला दोन माणसं. ही कल्पना कोणाची, यावर फोकिन आणि चित्रकार अलेक्सांद्र बेन्वा या दोघांनीही पुढे हक्क सांगितला. त्या वादात मी शिरत नाही. कल्पना चांगली ठरली की तिला दोन बाप भेटतातच.

गोंचारोवाचं नाव मात्र बेन्वाने सुचवलं. ती तेव्हा बत्तीस वर्षांची. १९१३ च्या शरदात मॉस्कोत तिच्या एकटीच्या साडेसातशेहून अधिक कलाकृतींचं प्रदर्शन भरलं होतं. संतांची चित्रं काढली म्हणून धर्मसत्तेचा रोष आणि नग्नचित्रांवरून खटला, दोन्ही तिने पाहिले होते. मिखाईल लारियोनॉव्ह हा तिचा जन्माचा जोडीदार. दोघांना रशियन खेड्यातल्या वस्तूंचं वेड : लाकडी ठशांची स्वस्त रंगीत चित्रं, ज्यांना रशियात लुबोक म्हणतात, दुकानांवरच्या पाट्या, रंगवलेली तबकं, भरतकाम, देवादिकांच्या जुन्या प्रतिमा. लुबोक म्हणजे जत्रेत विकली जाणारी, घराच्या भिंतीवर चिकटवायची चित्रं. ठळक काळी रेघ आणि रेघेबाहेर बिनधास्त सांडलेला रंग.

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुश्किनच्या बायकोचं माहेरचं नाव नतालिया गोंचारोवा. आपली चित्रकार त्याच घराण्यातली, त्या बाईच्या सख्ख्या भावाच्या वंशातली. पुश्किनच्या गोष्टीला कपडे चढवायला पुश्किनच्या सासरची मुलगी आली.

फोकिन सुरुवातीला धास्तावला होता. मॉस्कोच्या या नव्या चित्रकारांबद्दल त्याने भलतंसलतं ऐकलं होतं. भेट झाली तेव्हा समोर दोन अत्यंत साधी, सौम्य माणसं निघाली. त्याच्या आठवणींत गोंचारोवाबद्दल कौतुकच आहे. एकेका पोशाखाच्या बारकाव्यात ती किती शिरायची, आणि प्रयोगातली प्रॉपर्टी, म्हणजे मंचावर वापरायच्या वस्तू, तिने नि लारियोनॉव्हने स्वतःच्या हातांनी कशी रंगवली, हे त्याने आवर्जून नोंदवलं आहे.

कागदावर काय आहे

दोदोनच्या राज्यातल्या बायकांचे पोशाख घेऊ. या बायका म्हणजे समूहात नाचणाऱ्या मुली, नाव नसलेल्या. राणीच्या पोशाखापेक्षा मला हे कागद जास्त बोलके वाटतात, कारण इथे चित्रकाराला एखाद्या तारकेच्या सौंदर्याचा आधार नाही.

मूळ आकार सराफानचा. खांद्यावरून पट्ट्यांनी लटकणारा, खाली घेर वाढत जाणारा रशियन खेडुती झगा, आत बाह्यांचा सदरा, डोक्याला कोकोश्निक, म्हणजे कपाळावर उभा राहणारा कडक मुकुटासारखा साज. रंग तांबडा, नारिंगी, पिवळा, पांढरा. आणि त्यावर फुलं. पण ही कापडावर छापतात तसली फुलं नव्हेत. एकेक फूल नाचणारीच्या चेहऱ्याहून मोठं वाटावं असं, सूर्यासारखं गरगरीत. नेपथ्यातही तेच : पडद्यावरची फुलं राजवाड्याच्या मनोऱ्यांशी स्पर्धा करतात.

हे कागद बहुतेक जलरंग आणि गुवाश वापरून केलेले. गुवाश म्हणजे अपारदर्शक जलरंग. आपण शाळेत पोस्टर कलर वापरले, त्याच घरातला. पारदर्शक जलरंगात रंगाखालून कागद दिसतो, छटा एकमेकींत विरघळतात. गुवाशचा डाग सपाट बसतो आणि त्याची कड स्पष्ट असते. वेशभूषेच्या कागदासाठी हा फरक फार कामाचा. विरघळलेली छटा बघून कपडेपटातला शिंपी काय करणार? त्याला विचारावं लागतं, इथे तांबडा संपतो कुठे? सपाट डागाला कड असते, आणि कड असली की कात्री चालते. गोंचारोवाच्या फुलांची एकेक पाकळी म्हणजे कापडाचा एकेक तुकडा. दुसऱ्या रंगाच्या कापडावर ठेवा, कडेने शिवा, झालं. शिंपी याला अॅप्लिक म्हणतात. या प्रयोगाचे जे पोशाख टिकले आहेत त्यांच्यावर असं कापडावर कापड शिवलेलं काम दिसतं. तिची चित्रशैली आधीपासूनच सपाट, लुबोकच्या वळणाची होती, हे खरं. पण ती शैली शिवणटिपेला इतकी सोयीची पडावी, हा या प्रकरणातला सुखद भाग आहे.

आता घेर. भरपूर चुण्यांच्या घागऱ्यावर मोठं फूल काढलं तर ते चुण्यांत गडप होतं. नाचणारी गिरकी घेते तेव्हा क्षणभर उमलतं, की पुन्हा मिटलं. सराफानचा कट वरून खाली पसरत जाणारा, त्यामुळे समोरची बाजू बऱ्यापैकी ताठ, फळ्यासारखी राहते. त्यावरचं फूल उभं असतानाही दिसतं, चालतानाही दिसतं. फोकिनने या मंडळींना हालचालीही तशाच दिल्या होत्या : लाकडी खेळण्यांसारख्या, लुबोकमधली माणसं चालू लागावीत तशा. चित्र, कट आणि पावलं, तिन्ही एकाच वळणाची.

त्याच पात्रांचे आधीचे कपडे

हे मुद्दाम केलेलं होतं की नुसती गोंचारोवाची सवय, हे तपासायला तुलना हाताशी आहे. १९०९ च्या मॉस्कोतल्या पहिल्या प्रयोगाची चित्रं इव्हान बिलिबिनची होती. बिलिबिन हा रशियन परीकथांच्या पुस्तकांतला थोर चित्रकार. शतकाच्या सुरुवातीला उत्तर रशियात फिरून त्याने जुने कपडे, लाकडी देवळं, कोरीवकाम यांचा अभ्यास केला होता. त्याच्या कागदावरचा पोशाख वाचायला वेळ लागतो. काठाची नक्षी, पट्ट्याचं भरतकाम, टोपीची किनार, सगळं बारीक आणि सगळं अभ्यासलेलं. एकसारख्या जाडीच्या, तारेसारख्या रेघेत बांधलेलं.

तो पोशाख उभं राहून गाणाऱ्या माणसासाठी आहे. गायक दहा मिनिटं एका जागी उभा असेल तर प्रेक्षकाला त्याचा काठ बघायला दहा मिनिटं मिळतात. जड किनखाबी झगा गायकाला अडत नाही, उलट वजन देतो. तोच झगा घालून नर्तकाला उडी मारायला सांगा, काठही दिसणार नाही आणि उडीही. आपल्याकडे त्याच काळात बालगंधर्वांच्या भरजरी शालूंची वाहवा होत होती, तीही गात-अभिनय करत उभं राहणाऱ्या पात्राचीच वेशभूषा. नाचण्याचं ओझं त्या शालूवर नव्हतं.

कुठला कागद जास्त चांगला, असं मला कोणी विचारलं तर चित्र म्हणून मी कदाचित बिलिबिनचाच घरी नेईन. पण सुमारे दोन हजार खुर्च्यांच्या पाले गार्नियेत, मागच्या रांगेतून, धावत्या समूहात एकेक बाई ओळखायची असेल तर गोंचारोवाला पर्याय नाही.

आणि गाणाऱ्यांना काय?

या प्रकरणातली सगळ्यात हुशार गोष्ट नर्तकांच्या कागदांवर नाहीच, असं मला वाटतं. गायकांना, मग ते मुख्य असोत की समूहातले, एकसारखा पोशाख दिला गेला : गडद तांबडे झगे. रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना चढत्या ओळींत बसलेले हे तांबडे लोक म्हणजे माणसांच्याच विंगा झाल्या. तिथे नजर ठरत नाही, कारण कोण कुठला हे कळत नाही. नजर परत मधे येते, जिथे प्रत्येक देह वेगळा आणि रंगाने भरलेला आहे. ऐकू येतं कडेने, दिसतं मधे, आणि पाचेक मिनिटांत डोकं स्वतःच दोघांची गाठ मारतं.

म्हणजे नर्तकीच्या झग्यावरचं फूल इतकं मोठं असण्याचं अर्धं कारण तिच्या झग्यावर नाहीच, ते विंगेतल्या तांबड्या कोरेपणात आहे. एकाचा चेहरा पुसल्यावर दुसरीला दोघांचा चेहरा व्हावं लागतं. ऑपेराच्या गायकांना हे गोड वाटलं नसेल, यात शंका नाही. आयुष्यभर मधोमध उभं राहिलेल्या माणसाला गणवेश घालून पायरीवर बसवणं सोपं नसतं.

प्रयोग, आणि कोर्ट

२४ मे १९१४ ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला. दोदोन नाचला अलेक्सेई बुल्गाकोव्ह, त्याचा आवाज वासिली पेत्रोव्हचा. ज्योतिष्याच्या भूमिकेत बॅलेचे वयोवृद्ध गुरू एन्रिको चेकेत्ती. रंगांनी पॅरिस हलवलं. गोंचारोवाचं नाव एका रात्रीत रशियाबाहेर गेलं, आणि जूनमध्ये पॉल गिय्योमच्या दालनात तिचं नि लारियोनॉव्हचं प्रदर्शन भरलं, ज्याच्या पुस्तिकेची प्रस्तावना कवी अपोलिनेरने लिहिली. त्याच महिन्यात लंडनच्या ड्रुरी लेनमध्येही प्रयोग झाले.

रिम्स्की-कोर्साकोव्हच्या कुटुंबाला मात्र हे अजिबात पटलं नाही. संगीतकाराने ऑपेरा लिहिला होता, बॅले नव्हे, आणि काटछाट नको असं स्वतः बजावून ठेवलं होतं. प्रकरण न्यायालयात गेलं. कागदावर बघितलं तर कुटुंबाची बाजू बळकट होती, हे कबूल करायला हवं. श्वासाची सूचना लिहिणाऱ्याने 'मग दुसऱ्याला नाचवा' असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याने नाच कमी करायला सांगितलं होतं. डियागिलेव्हने सूचनेतली अडचण घेतली आणि तिचा उपाय स्वतःच्या सोयीने लावला. थोड्याच दिवसांत महायुद्ध पेटलं आणि त्याच्या मंडळीत हा प्रयोग पुन्हा उभा राहिला नाही.

कल्पना मात्र अमेरिकेला गेली. ६ मार्च १९१८ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'सोनेरी कोंबडा' याच दुहेरी पद्धतीने झाला. तो बसवला अडॉल्फ बोल्मने, जो डियागिलेव्हच्याच मंडळीतला नर्तक. राणीचा आवाज मारिया बारिएन्तोसचा, नाच रोझिना गॅलीचा. चित्रं गोंचारोवाची नव्हती, विली पोगानीची होती.

कागद कुठल्या साली रंगवला?

संग्रहालयांना आणि लिलावघरांना गोंचारोवाचे हे कागद त्रास देतात. तिने आपल्या रचना पुढे अनेकदा नव्याने काढल्या, कधी प्रदर्शनासाठी, कधी छापील संचांसाठी. शिवाय १९३७ मध्ये कर्नल द बाझिलच्या बॅले मंडळीसाठी तिने 'सोनेरी कोंबड्या'ची वेशभूषा आणि नेपथ्य पुन्हा केलं. नृत्य पुन्हा फोकिनचंच. २३ सप्टेंबरला लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ते लागलं, नंतर मंडळी ते घेऊन ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. १९७३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात मंडळीच्या जुन्या पेट्या निघाल्या, आणि त्यातले बरेच पोशाख विकत घेतले ते ऑस्ट्रेलियाच्याच राष्ट्रीय कलादालनाने. कॅनबेराला गेलात तर दोदोनच्या प्रजेचे झगे तिथे भेटतील.

मग कागद हातात आला की काय बघायचं? कामाचा कागद सहसा मळलेला असतो. टाचणीची भोकं, कापडाबद्दल खरडलेली ओळ, किती नग शिवायचे त्याचा आकडा, नाचणारीचं नाव. प्रदर्शनासाठी काढलेला कागद स्वच्छ असतो, सही ठसठशीत असते, आणि आकृती कागदाच्या बरोबर मधोमध बसवलेली असते. कामाच्या कागदावर फूल कुठे शिवायचं हे महत्त्वाचं, प्रदर्शनाच्या कागदावर फूल कसं दिसतं हे. यातलं काहीच शंभर टक्के नाही, कारण कपडेपटातून परत आलेला कागदही कोणी पुसून-सजवून विकू शकतो.

कोंबड्याच्या पोशाखाचा कागद असेल तर मात्र काम सोपं होतं. १९१४ मध्ये कोंबडा ही रंगवलेली प्रॉपर्टी होती. त्याला कोणी नाचलं नाही, त्याला होता फक्त कडेच्या तांबड्या ओळीत बसलेल्या गायिकेचा आवाज. १९३७ पर्यंत गायकांच्या पायऱ्या मोडल्या होत्या. द बाझिलच्या मंडळीने संगीत गाण्याविना, एका अंकाच्या बॅलेसाठी बांधून घेतलं होतं. त्या वर्षी कोंबडा तातियाना रियाबुशिन्स्काया नाचली, सोनेरी पोशाखात, चवड्यांच्या टोकावर. आवाज गेला, आणि पाय आले.